बाजूचं सांगा

दिवाळीचे आकाशकंदील खाली उतरले की आमच्याकडच्या रस्त्यांचा वास बदलतो. ढोकीच्या अंगाला सायकल वळवली, की गाव यायच्या बऱ्याच आधी साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस, गोडसर वास नाकात शिरतो. रस्त्यावर उसाचं पाचट पडलेलं असतं, चाकाखाली आलं की चुरचुरतं. उसाचा ट्रॅक्टर दिसायच्या आधी ऐकू येतो, कारण त्याच्यावरच्या गाण्यांचा आवाज इंजिनापेक्षा मोठा असतो. मागं दोन ट्रेलर, त्यांच्यावर बांधलेल्या उसाला वाटेतल्या बाभळींच्या फांद्या अडकलेल्या, आणि ड्रायव्हर मात्र घरच्या ओसरीवर बसल्यासारखा निवांत.

परवाच्या रविवारी या हंगामातला पहिला ट्रॅक्टर आम्हाला भेटला. त्याच्या पलीकडं मोकळ्या रानात ऊसतोड टोळीच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, उभ्या राहत होत्या. मी सवयीनं मान किंचित मागं वळवली आणि म्हणालो, "डाव्या हाताला कोप्या पडायल्यात. टोळी आली."

माझ्या मागं सुनीता मॅडम होत्या. त्या आधी नुसत्या 'हं' म्हणाल्या. थोडं पुढं गेल्यावर हळू आवाजात म्हणाल्या, "अप्पांना सांगायलाव का, भाऊसाहेब?"

मी अप्पांनाच सांगत होतो. अप्पा आता सायकल चालवत नाहीत, हे तेवढ्यापुरतं माझ्या ध्यानातून गेलं होतं.

आम्ही दर रविवारी उजाडता उजाडता धाराशिवहून निघणारी नऊ-दहा माणसं. त्यात खेळाडू म्हणावं असं कुणी नाही. सुनीता मॅडम शाळेत पीटी शिकवतात, म्हणून आपोआप आमच्या पुढारी झाल्या. बालाजीचं खत-बियाण्यांचं दुकान आहे, आणि तिथं आठवडाभर गिऱ्हाइकांशी गोड बोलून साठलेला सगळा टवाळपणा तो रविवारी आमच्यावर मोकळा करतो. मी जिल्हा परिषदेत नोकरीला, म्हणून सगळ्यांचा भाऊसाहेब. आणि अप्पा. अप्पांचं भांड्यांचं दुकान, वय साठीच्या पुढचं, मिशा पांढऱ्या आणि पोटऱ्या तरण्या पोरासारख्या. मूळचे उमरग्याकडचे, त्यामुळं बोलता बोलता मध्येच कन्नड येणार. लिंगायत माणूस, गळ्यातलं इष्टलिंग जर्सीच्या आत नीट सरकवल्याशिवाय ते पायडलवर पाय ठेवत नसत. चढ लागला की "नड्री, नड्री" म्हणायचे. चला, चला. ते आम्हाला म्हणतात की सायकलीला, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

रांगेत सायकल चालवण्याची आमची एक रीत आहे. पुढच्याला रस्ता दिसतो, मागच्याला पुढच्याची पाठ. म्हणून पुढचा ओरडतो, "खड्डा!" त्याच्या मागचा तेच ओरडतो, त्याच्या मागचा पुन्हा तेच, असं करत ती हाक शेवटच्या माणसापर्यंत जाते. याला आम्ही निरोप म्हणतो. "ट्रॅक्टर!", "मोळी पडलीय!", "शेळ्या!" काहीही असो, आलेला निरोप मागं द्यायचाच. सुनीता मॅडमचा हुकूम असा, की दम लागला तर थांबा, पण निरोप गिळू नका.

मी या रांगेतला सगळ्यात भित्रा माणूस. नजर कायम पुढच्या चाकाच्या थोडी पुढं. त्यात भीती होती तशी शरमही होती, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. रविवारी घरातून निघतानाच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. बायको, रेखा, आठवडाभर राबलेली असते आणि मी दाराशी बूट घालत घुटमळत असतो. ती आतूनच म्हणते, "जावा की आता. आरोपीसारखं उभं काय राहताव?" गावाकडं थोरला भाऊ एकटा शेत बघतो. आणि इथं उसाच्या फडाशेजारून आम्ही रंगीत, अंगाला घट्ट बसणाऱ्या कपड्यांत चाललेलो. तिकडं बाया डोक्यावर मोळी घेऊन लाकडी फळीवरून ट्रेलरवर चढत असतात, आणि मी त्यांच्या शेजारून मुद्दाम घाम काढायला म्हणून पायडल मारत जातो. कुणाची नजर आपल्या नजरेला भिडू नये म्हणून मी रस्त्याकडं बघायचो. वर्षानुवर्षं मी या जिल्ह्यात सायकल चालवली, आणि खरं सांगायचं तर डांबराशिवाय काही पाहिलं नव्हतं.

मग गेल्या वर्षीचा तो हिवाळा आला.

हंगामाच्या पहिल्याच रविवारी चहाच्या टपरीवर अप्पांनी कप खाली ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं. काचबिंदू. सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासलं होतं. जेवढं उरलंय तेवढं थेंबांनी टिकलं तर टिकेल, गेलेलं परत येणार नाही. "समोरचं दिसतं," अप्पा म्हणाले. मग त्यांनी दोन्ही तळवे डोळ्यांच्या कडेला उभे धरले, टांग्याच्या घोड्याला झापडं लावतात तसे. "हे एवढं खिडकीएवढं ऱ्हायलंय. दोन्ही बाजू गेल्या."

घरच्यांनी सायकल बंद करायला सांगितली होती. काकूंशी म्हणजे त्यांच्या मंडळींशी बरीच बोलणी करून अप्पांनी एवढा एक हंगाम मागून घेतला होता. हायवेला जायचं नाही, एकटं जायचं नाही. आणि एकदा जरी पडले, अगदी खरचटलं तरी, सायकल त्या दिवशी भंगारात.

 बालाजी म्हणाला, "म्हणजे अप्पा, आता गिऱ्हाईक समोरनं आलं तरच भांडं विकणार का तुम्ही?"

"व्हय. अन् तुझ्यासारखं उधारीवालं बाजूनं आलं तर दिसणारच न्हाय. सोय झाली."

सगळे हसलो. हसताना मला दिसलं, की अप्पांचा हात कपाचा कान शोधत होता आणि कान बाजूला होता.

सुनीता मॅडमनी तिथंच ठरवून टाकलं, की अप्पांच्या पुढं मी राहायचं. "भाऊसाहेब, तुम्ही सगळ्यांत जास्त घाबरता. तुमच्या नजरेतून बारका खडासुद्धा सुटत न्हाय. तुम्हीच पाहिजे."

त्या आठवड्यापासून माझी झोप हलकी झाली. माझ्या एका चुकीनं एका माणसाची सायकल सुटणार, हा विचार शनिवारी संध्याकाळपासून पाठ सोडायचा नाही. धुकं पडलेल्या एका सकाळी तर मी मनात म्हणालो, आज अप्पा आले नाहीत तर बरं होईल. चौकात पोचलो तेव्हा माकडटोपी घालून, हात बगलेत धरून, सगळ्यांच्या आधी ते उभे होते. "या, या! उशीर केलाव," म्हणाले. मला त्यांच्याकडं बघवेना.

आणि मी ओरडत सुटलो. खड्डा. खडी. शेण. पुन्हा खड्डा. पाचट. दगड. तामलवाडीकडच्या आतल्या रस्त्याला मी एवढा ओरडलो, की घशाला कोरड पडली. एका ठिकाणी मागून आवाज आला, "भाऊसाहेब, थांबा जरा." मी ब्रेक दाबून उतरलो. अप्पा एक पाय टेकवून उभे होते.

"काय झालं अप्पा? पडलाव का?"

"पडलो असतो तर बरं झालं असतं. तेवढीच शांतता मिळाली असती."

मागची सगळी मंडळी येऊन थांबली. अप्पांनी रुमालानं तोंड पुसलं. "अहो, खड्डे मला दिसतात. समोरचं सगळं दिसतं. तुमच्या पाठीवर घामाचा नकाशा उमटलाय, तो पण दिसतो. ह्या बाजूला अन् त्या बाजूला काय हाय, ते दिसत न्हाय. तुम्ही बाजूचं सांगा की."

"मग मान वळवून बघावं ना, अप्पा," बालाजी म्हणाला.

"मान वळवली की सायकलपण तिकडंच वळती. ह्या वयात दोघींना वेगळं ठेवता येत न्हाय."

आम्ही सगळे खजील झालो. इतके रविवार आम्ही त्यांची काळजी करत होतो, आणि त्या काळजीच्या भरात त्यांना नेमकं काय दिसत नाही हे विचारायचंच राहून गेलं होतं.

"बाजूचं म्हणजे काय काय सांगू?" मी विचारलं.

"कुत्रं यायलंय का, शेताच्या वाटेनं कुणी निघायलंय का, ते तर सांगाच. अन्..." त्यांनी रुमाल खिशात घातला. "अन् कुणाच्या रानात काय आलंय, ते पण सांगा. ते बघायलाच तर येत होतो मी. तुम्हाला काय वाटलं, पोटऱ्या वाढवायला?"

निघाल्यावर मी मान वर केली आणि डावीकडं पाहिलं. "डावीकडं शेत," मी ओरडलो.

"कशाचं?"

"हिरवं आहे."

मागं हशा झाला. अप्पा म्हणाले, "भाऊसाहेब, शेतकऱ्याचे लेक ना तुम्ही? हिरवं काय, हिरवं?"

ते मला लागलं, आणि बरं झालं लागलं. मी नीट पाहिलं. ज्वारी होती. पानांच्या गाभ्यात कणीस अजून दडलेलं, ताट पोटाशी फुगलेलं. वडिलांच्या तोंडचा एक शब्द कुठून तरी आतून वर आला. "ज्वारी पोटरीत आलीय!" मी ओरडलो. आणि रीत ती रीत, मागच्या प्रत्येकानं निरोप आणखी मागं दिला. "ज्वारी पोटरीत आलीय!" "ज्वारी पोटरीत आलीय!" बांधावर दात घासत उभा असलेला एक म्हातारा ब्रश तोंडातच धरून आमच्याकडं बघत राहिला. त्याच्याच रानातली बातमी रंगीत टोप्या घातलेली माणसं ओरडत चालली होती.

त्या हिवाळ्याकडं आता वळून बघतो तेव्हा मला तो असा हाकांमधून आठवतो. उजवीकडं तुरीच्या पेंढ्या उभ्या केल्यात. डावीकडं हरभऱ्याला घाटे लागलेत, पानांवर दव आहे. ज्वारी निसवली, कणसं बाहेर आली. करडई फुलली, पिवळ्यात केशरी मिसळलंय. विहिरीवर बाई धुणं धुतेय, शेजारी पोरगं उन्हात उघडं बसलंय. बोरीखाली लाल बोरांचा सडा. लांब माळावर हरणं, सात-आठ असतील, आपल्याकडंच बघायल्यात. सुरुवातीला मी अप्पांसाठी बघत होतो. कधीतरी असं झालं, की मी आधी बघायचो आणि सांगायचं मागाहून आठवायचं.

आणि माणसं. ज्यांच्या नजरेला मी इतकी वर्षं टाळलं होतं, ती माणसं. ढोकीजवळ एका फडाच्या कडेला ट्रेलर भरत होता. मी "उजवीकडं फड, तोड चालू" असं सांगत असताना पदरानं तोंड बांधलेली एक बाई मोळी खाली टाकून मोठ्यानं म्हणाली, "ओ दादा, वरडत काय चाललाव? रिकामी सायकल न्ह्यायलाव तर एक मोळी टाकू का मागं?"

बालाजी म्हणाला, "टाका की! पण भाऊसाहेबांच्या टाका, त्यांना ओझ्याची लई सवय हाय."

ती आणि तिच्या सोबतच्या बाया खळखळून हसल्या. मी थांबलो, तशी तिनं उसाचं एक कांडं मोडून माझ्या हातात दिलं. ते मी पुढच्या थांब्यावर सोलून सगळ्यांना वाटलं. माझी शरम काही तिथं संपली नाही. ती संपू नये असंही वाटतं. पण इतके दिवस ती बिनचेहऱ्याची होती, म्हणून जड होती. आता तिला त्या बाईचे हसरे डोळे आहेत, आणि मी मान वर करून जातो. दिसलं की हात करतो. पुष्कळदा तिकडूनही हात होतो.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आम्ही रविवार सोडून मुद्दाम निघालो होतो. त्या दिवशी आमच्या भागातली गावं ओस पडतात आणि रानं माणसांनी भरतात. कडब्याची खोप, तिच्यात मांडलेली पूजा, मडक्यातली आंबील. रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारल्याशिवाय कुणी घास घेत नाही. आम्हाला तर दर बांधावरून हाका. "ओ सायकलवाले! या, भज्जी खाऊन जावा!" एका खोपीशी बसलो. भाज्या-शेंगा घोटून केलेली ती गरम भज्जी आणि बाजरीचे उंडे खाताना अप्पांचं तिथल्या आजोबांशी कन्नडमध्ये सूत जमलं. दोघं काय बोलले कुणास ठाऊक. निघताना आजोबा मला म्हणाले, "ह्यांना सगळं सांगत जावा बाबा, व्यवस्थित. कंजुषी करू नका." मी एकाएकी गहिवरलो. आंबील तिखट होती, असं म्हणून वेळ मारून नेली.

भोरड्यांची गोष्ट तर राहूनच जात होती. कणसात दाणा भरला की हे पाखरांचे थवे ज्वारीवर उतरतात. एका सकाळी मी "डावीकडं भोरड्या" म्हणालो आणि तेवढ्यात त्या उडाल्या. हजारो. काळी चादर कुणी दोन्ही हातांनी झटकावी तशा वर गेल्या, वळल्या, पातळ झाल्या, पुन्हा दाट झाल्या. मला शब्द सापडेनात. "अप्पा, थांबा. आता... आता अशा वर... आता तिकडं..." अप्पा थांबले आणि समोर बघत उभे राहिले. थवा फिरत फिरत रस्त्यावरून आडवा गेला. "आल्या!" अप्पा ओरडले. "माझ्या खिडकीत आल्या!" मग थवा गेला आणि ते तसेच बघत राहिले. कोरड्या आभाळाकडं, बराच वेळ. आम्ही कुणीही "नड्री" म्हणालो नाही.

आता ते सायकलवर नसले, तरी रविवारी परतताना आम्ही त्यांच्या घरासमोर थांबतो. काकू चहा करतात. अप्पा खुर्ची ओढून समोर बसतात आणि एकेकाला विचारतात. मी सांगायला लागलो की डोळे मिटून घेतात. काकू म्हणतात, "कीर्तनाला बी असं बसत न्हाईत कधी." डोळ्यांत थेंब नियमानं पडतात. खिडकी आहे तेवढी टिकून आहे. मी मनातल्या मनात रोज कुणाचे तरी आभार मानतो, नेमके कुणाचे ते ठाऊक नाही.

त्या हंगामात अप्पा पडले नाहीत. एकदाही नाही. संक्रांतीनंतरच्या एका रविवारी मात्र एका शेताच्या वाटेनं बैलगाडी निघाली. उसाच्या आडून आल्यामुळं मलाही उशिरा दिसली. "डावीकडनं बैल! थांबा!" मी जीव तोडून ओरडलो. अप्पांनी ब्रेक दाबला आणि सायकल जागच्या जागी उभी राहिली. बैलाचं तोंड त्यांच्या कोपरापाशी होतं. गाडीवान शिव्या देत निघून गेला. आम्ही अप्पांना शाबासकी दिली, बालाजीनं टाळ्या वाजवल्या. 

टपरीवर अप्पा मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमचा निरोप आला म्हणून थांबलो. बैल मला दिसला न्हाय. हाताला त्याचा गरम श्वास लागला, तेव्हा कळलं बैल हाय म्हणून."

"पण पडला नाहीत ना, अप्पा. अट मोडली नाही."

"पडलो न्हाय, म्हणूनच सांगायलोय. पडून सुटण्यापेक्षा चालवता चालवता सुटावी. अन् दुसरं असं, की मी पडलो तर तुम्ही जन्मभर स्वतःला खात बसणार. तेवढं ओझं मी कुणाच्या डोक्यावर ठेवणार न्हाय."

 माझ्याविषयी इतकं नीट कुणी कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहणाऱ्याची खिडकी एवढीशी होती.

अप्पांची शेवटची फेरी म्हणून आम्ही माकणीच्या धरणाची सकाळ ठरवली. सायकली पिकअपमध्ये टाकून लोहाऱ्यापर्यंत नेल्या आणि तिथून निघालो. वाटेत मी बाजूचं सांगत होतो. ज्वारी पिवळी पडली होती, काही ठिकाणी काढणी सुरू होती, उन्हाला धार आली होती. धरणाच्या अलीकडं एक रस्ता सरळ जातो. दोन्हीकडं नुसता माळ. आडवाट नाही, झाड नाही, कुणी आडून येईल असा फड नाही. सुनीता मॅडमनी तो आधीच येऊन पाहून ठेवला होता. बालाजीला त्यांनी पुढच्या टोकाला पाठवलं होतं, समोरून कुणी आलं तर थांबवायला.

मी नेहमीसारखा पुढं व्हायला लागलो तर अप्पांनी हात आडवा धरला. "आज तुम्ही मागं."

ते पुढं झाले. लिंग जर्सीच्या आत सरकवलं, पायडलवर पाय ठेवला आणि निघाले. त्या हंगामात त्यांची पाठ मी प्रथमच पाहत होतो. खांदे थोडे उजवीकडं झुकलेले, मान ताठ. वेग वाढत गेला. माझ्या तोंडात कितीतरी हाका तयार होत्या. मी त्या सगळ्या दाताखाली धरून ठेवल्या. इथं सांगण्यासारखं बाजूला काही नव्हतं. जे होतं ते सगळं समोर होतं, आणि समोरचं अप्पांचं होतं.

रस्ता किंचित चढला. त्यांचा आवाज वाऱ्यावरून मागं आला, खणखणीत.

"रस्ता मोकळा! समोर पाणी! लई पाणी!"

मला पाणी दिसत नव्हतं. मला फक्त अप्पांची पाठ दिसत होती. मी मान वळवली आणि पूर्ण खात्रीनं मागच्यांना ओरडून सांगितलं, "समोर पाणी!"